पाचशेच्या आतली

वडील पुण्याला गेले त्याला आता वर्ष उलटून गेलं. नातेवाईक भेटले की अजून विचारतात, "इतकी वर्षं सांभाळलंस, मग एकदम काय झालं?" मी खरं तेच सांगते, की एका वाइनच्या बाटलीवरून झालं. त्यांना ती थट्टा वाटते.

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी प्रयोगशाळेत कामाला होते. आंबटपणा मोजायचा, साखर मोजायची आणि सकाळी पोट रिकामं असताना टाक्यांमधले नमुने तोंडात घोळवून थुंकायचे. मला थुंकायचा पगार मिळतो, असं मी आईला एकदा सांगितलं होतं. तिने ते शेजारीपाजारी कुणाला सांगितलं नाही. पुढे माझं लग्न झालं, मोडलं. मग आई गेली आणि त्याच वर्षी वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दादा पुण्यात. त्याची नोकरी मोठी, फ्लॅट नवा. "तुझं काय अडकलंय तिकडे?" वडील फोनवर म्हणाले. खरंच काही अडकलेलं नव्हतं. मी जळगावला आले.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना आयुष्यभर कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. नाना गाडीपाशी जायचे, कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर बाहेर काढून नाकाशी न्यायचे आणि एकच शब्द बोलायचे. त्या शब्दावर त्या घराचं वर्ष ठरायचं. समोरचा माणूस हात जोडत असला तरी नाना वर बघत नसत. पुढच्या गाडीकडे गेलेले असत. हा त्यांचा गुण आहे असं त्यांना वाटे, आणि घरीही ते तसेच वागत. आईने केलेलं भरीत ते पहिल्या घासाला जोखायचे. शेवटच्या वेचणीचा, झाड थकल्यावर निघणारा हलका कापूस असतो, त्याला फरदड म्हणतात. घटस्फोटानंतर मी चार दिवसांसाठी बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा नानांनी मला नखशिखांत बघितलं आणि आईला म्हणाले, "आली तुझी फरदड परत."

जळगावात मला एका खासगी प्रयोगशाळेत काम मिळालं. पाणी, दूध, तेल तपासायचं. नेमणूक कंत्राटी, पगार बेताचा. नानांचं पेन्शन दादाच्या फ्लॅटच्या हप्त्यांना जायचं. ते तसं का, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. घर माझ्यावर चालायचं. औषधं, मालीशवाल्या बाई, दूध, गॅस हे सगळं वजा करून जे उरायचं त्यात मला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. रविवारी दुपारच्या जेवणासोबत एक ग्लास बरी वाइन. बाटली पाचशे रुपयांच्या आत.

ते किती अवघड आहे हे खानदेशात राहिल्याशिवाय कळायचं नाही. 'वाइन शॉप' अशी मोठी पाटी असलेल्या दुकानात आमच्याकडे वाइन सोडून सगळं मिळतं. जाळीच्या आत रम, व्हिस्की, बिअर. वाइनच्या चार-सहा बाटल्या अगदी वरच्या फळीवर, पत्र्याच्या छताला टेकून, धुळीत उभ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हाही त्या तिथेच उभ्या असतात. असे दोन उन्हाळे काढलेल्या बाटलीत वाइन उरत नाही, शिळा मुरंबा उरतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरची माणसं गप्प झाली आणि बाजूला सरकली.

"साहेबांसाठी काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी हवी आहे."

त्याने न विचारता गोड पोर्टची बाटली काढली. "लेडीज लोक हीच नेतात. सरबतासारखी लागते."

ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. मी मोरीत ओतली. दोन दिवसांनी जिन्यात शेजारच्या काकूंनी मला थांबवलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना गं तुझी? आमच्या ह्यांना तू कुठल्याशा दुकानापाशी दिसलीस. एकट्या बाईला सोपं नसतं, मला कळतं." त्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही.

मग धुळं सापडलं. महिन्यातून एक-दोनदा मला तिथल्या डेअऱ्यांमधून नमुने आणायला जावं लागे. एसटीने जायचं, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन यायचं. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक जुनं दगडी दुकान होतं. बाहेरून इतरांसारखंच, पण आत मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती, जाड भिंतींची, आणि तिथे मेमध्येही गार वाटायचं. दुकानदाराला वाइनमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कंपनीवाले बिअरसोबत दोन खोकी गळ्यात मारायचे, ती तो मागे टाकून द्यायचा.

"ताई, बठ्ठं आत पडेल शे," तो अहिराणीत म्हणाला. "कोणी लेत नही. तुम्हीच देखी ल्या."

मी त्या खोलीत जमिनीवर बसून खोकी उघडली. मोबाइलच्या उजेडात एकेक बाटली बघितली. वायनरीत शिकलेलं सगळं तिथे कामी आलं. जाड काचेच्या, सोनेरी अक्षरांच्या बाटल्या मी आधी बाजूला ठेवल्या, कारण तिथे आपण काचेचे पैसे देतो. फारसं नाव नसलेल्या लहान वायनऱ्यांची, शेनिन द्राक्षाची पांढरी वाइन घेतली. उष्ण गावात बुचापेक्षा फिरकीचं झाकण बरं, म्हणून ते बघितलं. बाटली भरल्याची तारीख बघितली, मानेपर्यंत पातळी आहे का बघितली, आणि सगळ्यात खालच्या खोक्यातलीच घेतली, कारण गारवा खाली साचतो. नेहमी फेब्रुवारीच्या आत आलेली घ्यायची. नंतर ट्रक उन्हातून येतात. दुकानदार अडकलेला माल कमी भावात द्यायला एका पायावर तयार असायचा. दुधाच्या नमुन्यांशेजारी, बर्फात, दोन-तीन बाटल्या घेऊन मी धुळ्याहून जळगावला यायचे. घरी जुन्या माठात ओली वाळू भरून ठेवली होती. त्यात बाटल्या आडव्या पुरायच्या.

नानांना ते लपलं नाही. नाक होतं ना ते. एका रविवारी मी स्वयंपाकघरात ग्लास भरला आणि बाहेरून आवाज आला, "काय उघडलंस?"

मी सांगितलं.

"म्हणजे नवऱ्याने टाकली ते बरोबरच केलं त्याने."

मी ग्लास ओट्यावर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "आण इकडे. बघू तरी, कशापायी घर बुडवतेस."

मी दिला नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, अर्धी वाटी, जेवणासोबत, त्यापुढे थेंब नाही. त्या रविवारी मी नानांसमोर ग्लास ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो उचलला, प्यायच्या आधी नाकाशी नेला आणि त्यांचा डावा डोळा बारीक झाला. कापूस नाकाशी नेताना व्हायचा तसाच. एक घोट घेतला. तोंडात धरला. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

"हिरवी आहे," ते म्हणाले. "घाईत वेचलेली."

द्राक्षं कच्ची असताना तोडलेली होती. वायनरीत हे सांगायला आम्हाला यंत्र लागायचं.

तेव्हापासून दर रविवारी आमची परीक्षा सुरू झाली. मी बामणोदच्या वांग्यांचं भरीत करायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कच्चा कांदा, आणि माठातली एक बाटली. शेवभाजीसोबत लाल वाइन चालत नाही, तिखट तिला मारून टाकतं, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. पण मिळून शोधलं हा शब्द मी वापरते आहे. नाना जे करायचे ते वेगळं होतं.

"भिजलेलं बारदान," ते म्हणायचे आणि ग्लास ढकलायचे. म्हणजे बूच खराब निघालेलं असायचं.

"ही उन्हात उभी होती. तुझ्यासारखी, कुणी आत न घेतलेली."

"ही बरी होती, पण मेली. तुझ्या आईसारखी. काही बोलायच्या आधीच."

शेवटचं वाक्य त्यांनी भाकरी मोडता मोडता म्हटलं आणि पुढे मीठ मागितलं.

प्रत्येक वेळी वाइनबद्दलचा अर्धा भाग बरोबर असायचा. तेच वाईट होतं. जळगावात वाइनबद्दल माझ्याशी बोलू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेत सगळे मला दारूवाल्या मॅडम म्हणायचे. म्हणून मी नानांचे शब्द सोलून घ्यायला शिकले. साल टाकायचं, आतलं ठेवायचं. त्यांच्यामुळे मी धुळ्याच्या त्या खोलीत अधिक चांगलं निवडू लागले. एकदा त्यांनी पूर्ण अर्धी वाटी संपवली आणि काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी मी आनंदाने भांडी घासली. चाळिशी ओलांडलेली बाई, बापाने शिवी दिली नाही म्हणून खूश. हे आठवलं की मला माझीच लाज वाटत नाही, संताप येतो.

नानांचा पंचाहत्तरावा वाढदिवस मेमध्ये आला. दादा आणि वहिनी पुण्याहून गाडीने येणार होते. मी जानेवारीपासूनच त्या दिवसासाठी शिराझ द्राक्षाची एक लाल वाइन राखून ठेवली होती. धुळ्याच्या खोलीत सगळ्यात तळाला सापडलेली, एका बंद पडलेल्या लहान वायनरीची. त्या खोक्यातली एक मी आधी उघडून बघितली होती. मिरी, जांभूळ, आणि मागे ओल्या मातीसारखं काहीतरी. वायनरीत असतानाही इतकी चांगली वाइन माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आली होती. ती मला पाचशेच्या आत मिळाली होती.

दादा भर दुपारी पोचला. आल्या आल्या त्याने गाडीच्या डिकीतून एक लाकडी पेटी काढली. आत परदेशी लाल वाइन.

"नाना, ही विमानतळावरून घेतली होती. तुम्हाला आवड लागली म्हणे!" तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं, एवढी महाग बाटली नको, पण हे ऐकतात का?"

मी पेटी हातात घेतली. ती बाहेरून गरम होती. पुण्याहून इथपर्यंत, मे महिन्याच्या उन्हात, बंद डिकीत. बूच मानेच्या वर आलं होतं आणि काचेवरून एक चिकट ओघळ खाली वाळला होता.

"दादा, ही उकडली आहे रे," मी हळूच म्हटलं. "बूच बघ."

"हिचं सुरू झालं," दादा हसत म्हणाला. "फ्रीजमध्ये टाक की थोडा वेळ."

जेवायला बसल्यावर मी दोन्ही बाटल्या उघडल्या. दादाची उघडताच उकळलेल्या गुळाचा वास आला. रंगाला तपकिरी कड होती. मी दोन्हींचा एकेक ग्लास नानांसमोर ठेवला. नाना आहेत, मी मनात म्हटलं. नाना सांगतील. आयुष्यभर त्यांनी कुणाचं तोंड बघून ग्रेड दिला नव्हता. हात जोडणाऱ्याचं नाही, आईचं नाही, माझं नाही.

त्यांनी दादाच्या वाइनचा ग्लास उचलला. नाकाशी नेला. डावा डोळा बारीक झाला. मी समोरच बसले होते, मी तो डोळा बघितला. एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"याला म्हणतात वाइन," नाना म्हणाले.

दादाचा चेहरा फुलला. वहिनींनी फोटो काढला.

"नाना," मी म्हटलं, "ही खराब झाली आहे. तुम्हाला वास येत नाही?"

"ज्याची जीभ पाचशेच्या आतली, त्याला यातलं काय कळणार?" नाना म्हणाले. मग त्यांनी माझ्या शिराझचा ग्लास उचलला, नाकाशीही न नेता, आणि वहिनींच्या हातात दिला. "हे मोरीत टाक. फरशी तरी स्वच्छ निघेल."

दादा हसला. नानांना तेवढं पुरलं नाही. श्रोते मिळाले की ते रंगायचे. "ही सगळं सेलमध्ये बघते. नवरासुद्धा तसाच आणला होता. तो तरी कुठे टिकला?"

वहिनी उठल्या आणि माझी वाइन खरंच मोरीत ओतून आल्या. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. सासऱ्यांनी सांगितलं, त्यांनी केलं. बाटलीत उरलेली दादाने "वाया कशाला घालवायची" म्हणत वहिनींना रात्रीच्या मटणात घालायला सांगितली. मी भरीत वाढत राहिले.

दुपारी दादा-वहिनी आतल्या खोलीत कूलरसमोर झोपले. मी नानांना पलंगावर नेलं, उशी लावली आणि विचारलं, "कळलं होतं ना तुम्हाला?"

"काय?"

"ती उकडलेली होती, ते."

नानांनी छताकडे बघितलं.

"कळलं होतं," ते म्हणाले. "मग? तो वर्षातून दोनदा येतो. त्याला नाराज करून पाठवू? तू तर रोजची आहेस. तू कुठे जाणार?"

त्यात राग नव्हता. कापसात हात घालून शब्द सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं, आणि डोळे मिटून घेतले. थोड्याच वेळात ते घोरायला लागले. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. आत काहीतरी एकदम शांत झालं होतं, आणि ती शांतता मला आवडली.

संध्याकाळी चहाला सगळे हॉलमध्ये बसले. मी बशीत शेव वाढली आणि म्हटलं, "दादा, तू नानांना या वेळी पुण्याला घेऊन जा."

दादाचा कप हातातच राहिला. "म्हणजे काय, अचानक?"

"अचानक कुठे? मी किती दिवस बघते आहे. माझ्याकडे त्यांना धड काही मिळत नाही. खायचं तसंच, प्यायचं तसंच. सगळं पाचशेच्या आतलं. तुझ्याकडे त्यांच्या जिभेला शोभेल असं मिळेल. आज बघितलंस ना, किती खूश झाले? मी इतक्या बाटल्या उघडल्या, एकदाही त्यांच्या तोंडून असं कौतुक निघालं नाही."

वहिनी दादाकडे बघत होत्या. दादा नानांकडे बघत होता. तो अडचणीत होता, पण दुपारचं कौतुक त्याच्या अंगावर अजून ताजं होतं.

"नाना, तुमचं काय म्हणणं?" त्याने विचारलं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. न जाण्यासाठी त्यांनी एकच वाक्य बोलणं पुरे होतं, की 'ती बाटली खराब होती आणि मी खोटं बोललो.' दादासमोर. वहिनींसमोर, ज्यांच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. त्यांचा डावा हात मांडीवर उघडमीट करत होता. मी वाट बघितली. मला घाई नव्हती.

"नाना, तुम्हीच म्हणालात ना, याला म्हणतात वाइन?" मी गोड आवाजात विचारलं.

"पोरगा म्हणेल तसं," नाना शेवटी म्हणाले.

त्यांच्या बॅगा मी त्याच संध्याकाळी भरल्या. औषधांच्या पुड्या केल्या, मालीशचं तेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, कोणती गोळी कधी ते वहिनींना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाआधी गाडी निघाली. नानांना पुढच्या सीटवर बसवताना त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताची पकड अजून घट्ट होती. मी एकेक बोट सोडवलं आणि पट्टा लावून दिला.

पेन्शन आधीपासूनच तिकडे जात होतं, त्याने मला काही फरक पडला नाही. बाकी बराच पडला. मालीशवाल्या बाई बंद झाल्या, औषधं बंद झाली. आता मी धुळ्याहून पूर्वीच्या दुप्पट बाटल्या आणते. कधीकधी पाचशेच्या वरचीही बघते, पण सवय जात नाही. वरच्यात मला अजून तरी फार काही सापडलेलं नाही.

पुण्यात काय चाललं आहे ते मला वहिनींकडून कळतं. दादाने त्याच वाइनची आणखी एक बाटली कुठून तरी मिळवली होती, नानांना आवडली म्हणून. ती त्यांनी उघडली, आणि डॉक्टरांनी थोडीच सांगितली आहे म्हणून दर रविवारी दोन-दोन चमचे, तीच एक बाटली, फ्रीजच्या दारात ठेवून कितीतरी आठवडे दिली. "नाना अगदी आवडीने घेतात," वहिनी म्हणाल्या. उघडलेल्या बाटलीचं चार-पाच दिवसांनंतर काय होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. नानांनीही सांगितलेलं दिसत नाही. एकदा चांगलं म्हटलं की म्हटलं.

रविवारी दुपारी ते मला फोन करतात. दादा-वहिनी झोपल्यावर, हळू आवाजात. तब्येत वगैरे काही बोलत नाहीत.

"काय उघडलंस?"

मी सांगते. कुठली, कुठल्या खोक्यातली, माठातून काढली तेव्हा काचेवर किती दव होतं. मग वास सांगते. घाई करत नाही. पेरू, लिंबाची साल, पावसाळ्यात भिंतीला येतो तो चुन्याचा वास. मध्येच थांबून एक घोट घेते, त्यांना ऐकू येईल असा. पलीकडे श्वास चाललेला असतो.

"मागे कडू लागते का?" त्यांनी एकदा विचारलं.

"अजिबात नाही."

"सोबत काय केलंस?"

"भरीत."

पलीकडे श्वास आणखी जवळ आला.

"घ्यायला ये ना मला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिल्यांदा. नेहमी हुकूमच असायचे. आवाज ओळखू येऊ नये इतका बारीक झाला होता.

"दादाला वाईट वाटेल, नाना," मी म्हटलं. "तो तुमच्यासाठी एवढं करतो."

फोन ठेवला. भरीत अजून गरम होतं, शेनिन चांगली निघाली होती. मी दुसरा ग्लास भरला आणि जेवायला बसले.